बार्नमधलं सोयर

माझ्या धंद्याचं नाव मराठीत सांगायची वेळ आली की माझी पंचाईत होते. इंग्रजीत मी इकॉलॉजिस्ट. म्हणजे कुणाला जुनं छप्पर काढायचं असेल, पडकी इमारत दुरुस्त करायची असेल, शेतात घरं बांधायची असतील, तर आधी मी जाऊन बघते की तिथे अगोदरपासून कोण राहतंय. कधी वटवाघळं असतात, कधी घुबडं, कधी काहीच नसतं. मग मी रिपोर्ट लिहिते, कौन्सिल तो वाचतं, आणि ज्यानं मला बोलावलेलं असतं तोच बहुतेक वेळा माझ्यावर डाफरतो. नागपूरला आईला हे सगळं समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे पाखरांची वकीलच की गं तू." ब्रिस्टलच्या आमच्या मराठी मंडळानं एवढेही कष्ट घेतले नाहीत. तिथे मला सरळ घुबडवाली म्हणतात.

सुरुवातीला मला या नावाचा राग यायचा. तशी मी रागीटच आहे. माझा नवरा म्हणतो, तू पक्ष्यांशी जितकं गोड बोलतेस त्याच्या निम्मं माणसांशी बोललीस तरी पुष्कळ. पण पक्षी मला 'जरा ॲडजस्ट करा ना' असं म्हणत नाहीत, त्याला मी काय करू?

आमच्या मंडळाचा गणपती वर्षानुवर्षं एका शाळेच्या हॉलमध्ये बसत आला. बॅडमिंटनच्या रेघांवर रांगोळी, बास्केटबॉलच्या जाळीखाली मखर. धूप लावायचा तर आधी केअरटेकरला सांगून फायर अलार्म बंद करून घ्यायचा. आरती रंगात आली की तोच केअरटेकर किल्ल्या वाजवत दारात उभा राहणार, कारण आपली वेळ संपलेली. मग पाच मिनिटांत देव आवरायचा, खुर्च्या रचायच्या, फरशी पुसायची, आणि सगळं सामान गाड्यांत भरून काकूंच्या गॅरेजमध्ये नेऊन टाकायचं.

काकू म्हणजे मंडळातल्या सगळ्यांत जुन्या. तरुणपणी पुण्याहून नर्स म्हणून आल्या, इथेच मिडवाइफ झाल्या, आणि निवृत्त होईपर्यंत ब्रिस्टलच्या निम्म्या पोरांना त्यांनीच पहिली चापट मारली असं त्या स्वतःच सांगायच्या. काका गेल्यावर त्या एकट्याच राहत. समया, पाट, लेझमा, शंभर माणसांचा भात शिजेल अशी पातेली, सगळं त्यांच्याकडे. त्यांची स्वतःची गाडी मात्र कायम रस्त्यावर, पावसात. मी नवीन आले तेव्हा बसस्टॉपवर माझ्याकडे बघून त्यांनी "मराठी ना?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता घरी नेऊन पिठलं-भात वाढला. माझी मुलगी झाली तेव्हा रोज सकाळी येऊन तिला न्हाऊ घातलं. माझी आई इथे नव्हती. काकू होत्या.

तर त्या काकू त्या वर्षी स्वयंपाकघरात पडल्या. फार लागलं नाही, पण एडिनबराला हॉस्पिटलमध्ये डॉक्टर असलेल्या त्यांच्या मुलानं ठरवून टाकलं की बास, आता आईनं एकटं राहायचं नाही. घर विकायचं आणि सप्टेंबरमध्ये त्याच्याकडे जायचं. आम्हाला वाटलं काकू भांडतील. त्या भांडल्या नाहीत. त्यांनी एकच अट घातली. मंडळानं तेव्हा नुकतंच शहराबाहेर एक जुनं दगडी बार्न, म्हणजे गुरा-धान्याचं कोठार, आणि त्यामागचं वावर दीर्घ लीजवर घेतलं होतं, आणि तिथे आपला हॉल व्हायचा होता. काकू म्हणाल्या, "एकदा गणपती आपल्या छपराखाली बसू दे. शेवटची आरती झाली की मी एडिनबराच काय, उत्तर ध्रुवावर जाईन." मुलानं हो म्हटलं. अध्यक्षानं छातीवर हात ठेवून शब्द दिला.

हा अध्यक्ष माझ्याच वयाचा, एका विमानं बनवणाऱ्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. माणूस वाईट नाही, पण त्याच्या डोक्यात रंगीत पट्ट्यांचा एक तक्ता कायम उघडा असतो आणि जगातली प्रत्येक गोष्ट त्यात बसली पाहिजे असं त्याला वाटतं. बार्नचा सर्व्हे मी करायचा हे त्यानं परस्परच ठरवलं. मी मंडळाची सभासद आहे हे मी कौन्सिलला आधी कळवलं, त्यांची हरकत नव्हती, आणि हिवाळ्यातल्या एका गारठलेल्या सकाळी मी शिडी लावून वर चढले. तुळईवर पांढऱ्या विष्ठेचे लांब ओघळ होते. भिंतीच्या माथ्यावर, दगडांच्या बेचक्यात, एक गव्हाणी घुबड डोळे मिटून बसलं होतं. मला कळलंच, आता मी सगळ्यांची नावडती होणार.

पण तेव्हा झाले नाही. काकूंच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही जागेचा नकाशा पसरला आणि मी रंगीत पेन्सिली घेऊन समजावून सांगितलं. घुबडाला हाकलता येत नाही, पण त्याच्यासह हॉल बांधता येतो. एका टोकाच्या भिंतीत, छपराखाली, त्याच्यासाठी एक बंद कप्पा ठेवायचा, बाहेरून भोक असलेला. काम चालू असताना त्याला जायला म्हणून बांधावरच्या ओकवर एक पेटी टांगायची. आणि मागच्या वावरातला एक मोठा तुकडा कधीच सपाट कापायचा नाही. गुडघाभर, गुंतलेलं, जुनं गवत तसंच राहू द्यायचं, कारण त्याच्यातच ते छोटे उंदीर राहतात ज्यांच्यावर हे घुबड जगतं.

"म्हणजे घुबडाला एन-स्वीट रूम आणि आमच्या कार पार्कमध्ये जंगल," अध्यक्ष म्हणाला.

"गवत ही त्याची कोठी आहे. कोठी मोकळी करून नुसती खोली दिलीस तर ते राहील का?"

त्यानं कुरकुर केली, पण तक्त्यात एक हिरवी पट्टी घातली. नकाशावर कुणाला जागा द्यायला फारसा त्रास होत नाही, हे मी या धंद्यात पुष्कळदा पाहिलंय. कौन्सिलनं आराखडा मान्य केला, परवानगी दिली, अट एवढीच की काम सुरू करायच्या आधी मी पुन्हा तपासून, घरटं नाही, असं लिहून द्यायचं.

काकूंनी त्या दिवशी स्वतःची एक अट वर घातली. बार्नमध्ये कुणीही कुणाचं नाव घ्यायचं नाही. घुबडानं नाव ऐकलं की ते रात्री त्याच नावानं हाक मारतं आणि माणसाचं काही खरं नसतं. आणि त्याला दगड तर मुळीच मारायचा नाही. ते दगड नेऊन झिजवत बसतं, आणि दगड झिजतो तसा मारणारा झिजतो. "काकू, तुम्ही आयुष्यभर हॉस्पिटलमध्ये काम केलंत," मी म्हटलं. "मग? हॉस्पिटलात घुबड नव्हतं," त्या म्हणाल्या. झालं. तेव्हापासून बार्नमध्ये पाय ठेवला की सगळे 'अहो', 'ओ इकडे', 'ते चष्मेवाले' असं सुरू करायचे. पस्तिशीतले आयटीवाले मोबाइल कानाला लावून बाहेर पळायचे, कारण पलीकडच्यानं नाव विचारलं तर काय घ्या.

मग एप्रिल आला. मी अंगण झाडायला परवानगी दिली होती, फक्त अंगण. पण मराठी माणसाच्या हातात झाडू दिला आणि 'श्रमदान' हा शब्द उच्चारला की तो अंगणावर थांबेल कसा? त्यांनी बार्नचं दार उघडलं आणि आतलीही जमीन लख्ख केली. मी त्या दिवशी कामासाठी दुसऱ्या गावाला होते. दुपारी ग्रुपवर फोटो येऊ लागले. वर्तमानपत्रावर मांडलेले काळे, चकचकीत, अंगठ्याएवढे गोळे. केसांचे. त्यातून बारीक हाडं डोकावतायत. खाली एकीनं लिहिलं होतं, 'ही करणी आहे. कुणीतरी आपल्या जागेवर काहीतरी केलंय.'

मला आधी हसू आलं, मग लक्षात आलं की हे सगळे बार्नच्या आत शिरलेत. तोवर फोन साताऱ्यापर्यंत पोचले होते. पंखावर किती भार येईल याची गणितं करणारा आमचा अध्यक्ष मला गंभीर आवाजात म्हणाला, "हे बघ, मी बिलीव्ह करतो असं नाही. पण लोक अपसेट आहेत. आपण वास्तुशांत लगेच उरकून घेऊ. अक्षय्य तृतीया आठवड्यावर आलीय, साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त, रविवारीच येतोय, कुणाला रजासुद्धा लागत नाही. गुरुजी लंडनच्या ईलिंगहून येतायत. सोमवारपासून बिल्डर छप्पर काढेल."

त्या संध्याकाळी मंडळी काकूंच्या घरी जमली होती, तिथे जाऊन मी त्यातला एक गोळा टेबलावर ठेवला आणि हेअरपिननं फोडला. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेले केस-हाडं गोळा करून ओकून टाकतं, एवढीच ती करणी. एकेक इवली कवटी मी बाजूला मांडली. सगळे वाकून बघत होते. करणी म्हणणाऱ्या बाई ओशाळून हसल्या. अध्यक्ष म्हणाला, "छान. तरी शांत करूनच घेऊ. हाडं ती हाडंच." मी ऐकत नव्हते. मी त्या गोळ्याची ओली चकाकी बघत होते. जुने गोळे राखाडी, कोरडे असतात. हे ताजे होते, आणि इतके म्हणजे पक्षी जोडीनं राहत होते.

दुसऱ्या दिवशी मी शिडीवर चढले. घरटं तपासायचा परवाना माझ्याकडे आहे. त्या वर्षी थंडी सौम्य होती, गवत उंदरांनी भरलेलं, त्यामुळे जोडीनं नेहमीपेक्षा पुष्कळ लवकर अंडी घातली होती. भिंतीच्या माथ्यावर, मऊ पडलेल्या जुन्या गोळ्यांच्या भुशावर, चार अंडी होती आणि त्यांच्या शेजारी एक गुलाबी, आंधळं, थरथरणारं पिल्लू. आईनं माझ्याकडे बघून फुत्कार टाकला. ओकवरच्या माझ्या सुंदर पेटीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

मी खाली उतरून गवतात बसले. पिल्लं उडून स्वतंत्र होईपर्यंत छपराला हात लावता येणार नाही. म्हणजे जुलै उलटणार. बिल्डर तोवर दुसरीकडे जाणार, आणि परत येणार सप्टेंबरमध्ये. गणपती शाळेतच बसणार. या सगळ्या वाक्यांच्या शेवटी काकू उभ्या होत्या. मला इतकं वाईट वाटलं की मी तिथे बसून रडले, आणि रडता रडता त्या मूर्ख पक्ष्यांवर संतापलेही. अख्खा ओक दिला होता तुम्हाला.

अध्यक्षाला मी लगेच फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ठीक. बिल्डरला थांबवतो. काहीतरी जॅक लावू. पण होम होणार."

"होम? आत? धूर वर जाईल, आई उडून जाईल, पिल्लू गारठून मरेल."

"कंडिशन मी वाचलीय. बिल्डिंग वर्क म्हटलंय. होम म्हणजे बिल्डिंग वर्क नाही. अर्ध्या तासाचा धूर. लोकांना काहीतरी तर द्यायला हवं ना?"

"अट गेली खड्ड्यात. घरट्यावरच्या पक्ष्याला त्रास देणं हा कायद्यानं गुन्हा आहे."

"तू मंडळावर केस टाकणार? स्वतःच्या माणसांवर?"

मी फोन ठेवला. होमाला माझी हरकत आहे एवढं त्यानं ग्रुपवर सांगितलं असावं, कारण संध्याकाळपर्यंत मला चार जणींनी चार तऱ्हांनी समजावलं. एकीनं तर 'बाळंतिणीला धुरी देतातच की' असा विनोदही केला. विनोद चांगला होता. मला हसू आलं नाही.

काकूंना कसं सांगायचं ते मला सुचत नव्हतं, म्हणून मी त्यांना तिथेच घेऊन गेले. दोन घडीच्या खुर्च्या, थर्मासमध्ये आल्याचा चहा, त्यांच्या पायावर रजई. वावराच्या कडेला, बार्नपासून बऱ्याच अंतरावर आम्ही बसलो. ऊन उतरलं होतं, अजून लख्ख दिसत होतं. आतून घोरल्यासारखा आवाज येत होता.

"आमचे हे असेच घोरायचे," काकू म्हणाल्या.

मग भिंतीतल्या फटीतून नर बाहेर आला. गव्हाणी घुबड उडताना आवाज होत नाही. पांढरा, रुंद, तो गवतावरून खाली खाली तरंगत गेला, थबकला, पाय सोडून गवतात पडला आणि उंदीर घेऊन उठला. आमच्या डोक्यावरून आत गेला. थोड्या वेळात पुन्हा बाहेर. काकू चहा प्यायला विसरल्या.

"किती खेपा घालतो हा?"

"अंधार पडल्यावरही घालत राहील. ती घरट्यावरून उठत नाही ना. तिचं आणि पिल्लांचं तोच बघतो."

"बरा आहे," काकू म्हणाल्या. "सगळी पिल्लं एकदम येतात का गं?"

"नाही. दोन-दोन, तीन-तीन दिवसांनी एकेक. आज एक आहे, चार अंडी बाकी आहेत." मग मी सांगून टाकलं. "काकू, यंदा हॉल होणार नाही."

त्यांनी कप खाली गवतात ठेवला. मी पुढे बोलतच गेले, कारण थांबले असते तर पुन्हा रडले असते. छप्पर, जुलै, बिल्डर, सगळं सांगितलं. अध्यक्षाचं आणि होमाचंही. "पण होम मी होऊ देणार नाही. त्या दिवशी सकाळी दारात उभी राहीन. ऐकलं नाही तर पोलिसांना फोन करीन. मला सोडावं लागलं तर मंडळ सोडीन."

त्यांनी रजई नीट केली. "मला त्या दिवशी सकाळी घ्यायला ये," एवढंच म्हणाल्या. "जरा लवकर ये. गुडघे सकाळी वेळ घेतात."

अक्षय्य तृतीयेला आम्ही पोचलो तेव्हा बार्नसमोर गाड्या लागल्या होत्या. बायका नऊवारीत, थंडीमुळे वर जाड कोट. ईलिंगहून आलेले गुरुजी, जे आठवडाभर एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतात, सोवळं नेसून गाडीच्या डिकीतून समिधा काढत होते. होमकुंडाच्या विटा दाराच्या आत मांडूनही झाल्या होत्या. मला बघून गप्पा थांबल्या. अध्यक्ष पुढे आला, भांडायची तयारी त्याच्या चेहऱ्यावर आधीच होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात काकूंनी माझं मनगट धरलं. म्हाताऱ्या मिडवाइफची पकड होती ती. मी जागची हलू शकले नाही.

"गुरुजी," काकू म्हणाल्या, "सोयर असताना वास्तुशांत करतात का?"

गुरुजी बिचारे गोंधळले. "नाही, सोयरात कसं करणार? कुणाकडे झालं? यजमानांकडे?"

"ज्यांचं घर आहे त्यांच्याकडे. वर बघा. आपण परवा आलो. ती कधीपासून नांदतेय. घरात बाळंतीण आहे, आणि तुम्ही खाली होम पेटवणार?"

कुणीतरी हसलं. काकू हसल्या नाहीत. अध्यक्ष म्हणाला, "काकू, घुबडाचं सोयर... आय मीन, सीरियसली?"

"घुबडानं नाव घेतलं की माणूस मरतो म्हणून बाहेर पळून फोन घेतोस ना रे तू? त्या गोळ्यांना करणी कोण म्हणालं? तेवढं खरं, आणि हे खोटं? मला त्या वास्तूत अपशकुन नकोय. मी सांगते, होम होणार नाही."

गुरुजींनी घसा खाकरला. दहा दिवस थांबून करता येईल, असं ते म्हणाले.

"दहा दिवस शेवटच्या पिल्लापासून मोजायचे," काकू म्हणाल्या. "अजून चार यायची आहेत, एकेक करत. पुढे बाळंतिणीचा सव्वा महिना. मग चातुर्मास लागतो, त्यात तुम्हीच वास्तुशांत करत नाही."

गुरुजींनी अध्यक्षाकडे पाहिलं आणि समिधा परत डिकीत ठेवल्या. शास्त्र पुरं झालं होतं. बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली, पण ती माझ्याबद्दल नव्हती. म्हातारपणी माणूस असं धार्मिक होतं, हे असंच असतं, काकूंचं काही खरं नाही. आणलेला शिरा आम्ही वावराच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून खाल्ला. अध्यक्षानं मला शिरा आणून दिला, आणि कुजबुजला, "सुटलीस. तुझ्यावर नाही आलं. छपराचंही आता सोयरावरच जाईल." मला तेव्हा त्याचा राग आला, आणि काकूंचं कौतुक वाटलं. एका पक्ष्यासाठी बाईनं किती मोठं मन केलं, असं मला वाटत राहिलं.

चार पिल्लं जगली. जुलैमध्ये ती छपराच्या कडेवर ओळीनं बसून मान गोल गोल फिरवायची. एकेक करत गेली, आणि ऑगस्टच्या शेवटी मी बार्न रिकामं असल्याचं लिहून दिलं. सप्टेंबरमध्ये बिल्डरनं परांची बांधली. घुबडाच्या कप्प्यासाठीच्या फळ्या सर्वांत आधी आल्या, हे अध्यक्षाचं श्रेय मला सांगायलाच हवं.

काकूंचं घर विकलं गेलं होतं, नव्या माणसांना ताबा हवा होता. गणपतीला त्यांना परत घेऊन यायला मुलाची रजा जमेना. फोनवर मी ऐकलं, तो म्हणत होता, "मम्मी, इट्स जस्ट वन गणपती. नेक्स्ट इयर मी तुला घेऊन येतो ना." काकू 'बरं' म्हणाल्या. गणपतीच्या चार दिवस आधी मी त्यांना एडिनबराच्या ट्रेनमध्ये बसवायला गेले. ट्रेन यायला वेळ होता. प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर आम्ही बसलो, मध्ये त्यांची छोटी बॅग.

"मला तुझा फार राग आला होता," काकू एकदम म्हणाल्या. "त्या दिवशी, गवतात. वाटलं, ही पोरगी माझ्या घरी जेवली, हिच्या पोरीला मी न्हाऊ घातलं, आणि हिला माझा एक गणपती सांभाळता येईना. अजून आहे थोडा राग."

मी विचारलं, "तरी तुम्ही सोयर म्हणालात."

"अगं, पाखराला कसलं सोयर? मी माणसांचं कधी पाळलं नाही. बाळंतपण करून घरी यायचे आणि हात धुऊन देवाला दिवा लावायचे. रोज."

"मग?"

"मग काय? तू पोलिसांना बोलावलं असतंस. बोलावलंच असतंस, मी ओळखते तुला. होम थांबला असताच. आणि मग जन्मभर हे लोक तुला 'हिनं आपल्या माणसांवर पोलीस घातले' म्हणाले असते. हळदीकुंकवाला बोलावलं नसतं. तुझ्या पोरीला नाटकात घेतलं नसतं." त्यांनी बॅगेचा पट्टा सरळ केला. "मला काय, मी चाललेय. तुला यांच्यातच राहायचंय."

ट्रेन आली. मी त्यांना सीटवर बसवलं, चहाचा कप हातात दिला, आणि खाली उतरून ट्रेन हलेपर्यंत काचेला हात लावून उभी राहिले. मला एवढंही सुचलं नाही की वाकून नमस्कार करावा. गाडीत बसल्यावर आठवलं आणि मग कार पार्कमध्येच बराच वेळ बसून राहिले.

गणपती शाळेत बसला. रेघांवर रांगोळी, जाळीखाली मखर. पहिल्या दिवसाची आरती संपली, केअरटेकर दारात येऊन उभा राहिला, आणि आम्ही घाईघाईनं खुर्च्या रचायला लागलो. रचता रचता एक बाई म्हणाल्या, "काकूंनी ते सोयराचं काढलं नसतं ना, तर आज आपल्या हॉलमध्ये असतो." दुसरी म्हणाली, "म्हातारीचा हट्ट. स्वतःही नाही बघितलं, आपल्यालाही नाही बघू दिलं." अध्यक्ष जवळच होता. त्यानं होकारार्थी मान हलवली.

मी हातातली खुर्ची खाली ठेवली.

"काकूंनी नाही," मी म्हटलं. मला वाटलं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला. "मी थांबवलं. छपराचं काम माझ्या रिपोर्टनं थांबलं. आणि होम पेटवला असता तर मी त्या दिवशी पोलिसांना फोन करणार होते. तुमच्या सगळ्यांवर. काकूंना हे माहीत होतं."

खुर्च्यांचा आवाज थांबला. केअरटेकरसुद्धा किल्ल्या वाजवायचा थांबला, मराठी कळत नसूनही.

"मग त्या दिवशी तू काहीच कशी बोलली नाहीस?" अध्यक्षानं विचारलं.

"काकूंनी माझा हात धरला होता," मी म्हटलं, आणि खुर्च्या रचायला लागले.